शेगडीमागची भिंत

बर्नली,
रविवार, दुपारची जेवणं उरकल्यावर

आदरणीय मेविसताई यांस,

क्लिफर्डचा मानाचा नमस्कार. पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तुम्ही आधी खुर्चीत बसला असाल आणि मग चष्मा शोधला असेल. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? मोरकॅम्बचा समुद्रावरचा वारा सांध्यांना चांगला असं तिकडे घर घेताना नॉर्मन म्हणायचा. तो गेला, वारा राहिला, गुडघ्याचं तुम्हीच कळवा. निळा पोपट अजून असेल तर त्यालाही विचारल्याचं सांगा. आमच्याकडे सर्व क्षेम आहे असं लिहायचा रिवाज आहे, तो पाळून पुढे जातो.

पत्रास कारण की, मला स्वयंपाकघराच्या भिंतींच्या रंगाबद्दल सल्ला हवा आहे. नॉर्मनने चाळीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवल्या आणि तुम्ही चाळीस वर्षं त्याचं बोलणं ऐकलं, तेव्हा या विषयात आमच्या कुटुंबात तुमच्याइतकं कळणारं दुसरं कोणी उरलेलं नाही. पण आधी एक अडचण सांगतो. तुमच्या बहिणीने, बेरिलने, माझ्याकडून वचन घेतलंय की, मेविसला माझ्याबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही. एकोणपन्नास वर्षांच्या संसारात मी तिला दिलेली वचनं मोजकी आणि पाळलेली त्याहून मोजकी, पण हे एक पाळायचं ठरवलंय. म्हणून हे पत्र फक्त रंगाचं आहे. रंगाचं नीट समजावं म्हणून अधूनमधून कंसात काही लिहावं लागेल, आणि कंसातलं पत्रात धरत नाहीत. एकतीस वर्षं बस चालवली मी. आमच्या वेळापत्रकात ज्या गाड्या कंसात असत त्याही कोणी धरत नसे. तर पहिला कंस इथेच टाकतो. (बेरिलला स्वादुपिंडाचा कॅन्सर झालाय. ऑक्टोबरात कळलं. कापण्यासारखं काही नाही आणि औषधाने थांबण्यासारखंही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाताळ धरू नका.) कंस संपला. आता रंग.

आमची शेगडीमागची भिंत तुम्हाला आठवत असेलच. (न आठवून सांगता कोणाला!) ती तेव्हा मलईच्या रंगाची होती, चकचकीत, मीच दिलेला रंग, आणि तिच्यासमोर आठवड्यातून चार वेळा बटाट्याच्या चिप्स तळल्या जायच्या. हॉस्पिटलातून आलो त्या दिवशी बेरिलने अंगातला कोटही काढला नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली आणि पर्स पोटाशी धरून त्या भिंतीकडे बघत उभी राहिली. मला वाटलं रडेल. मीही तयारीत होतो, खिशातून रुमाल काढून ठेवला होता. तर म्हणते कशी, "ही भिंत अशी ठेवून मी कुणाला हॅम घालायची नाही." (माणसाला पुरून आल्यावर घरी सगळ्यांना देतात त्या चहाचं म्हणत होती. तिच्या स्वतःच्या. मी म्हटलं, आजकाल सगळे क्लबात ठेवतात, ताटल्याही तेच धुतात. त्यावर म्हणाली, क्लबात ठेवलं की लोक समजतात घर दाखवण्यासारखं नव्हतं. तुम्हाला ठाऊक आहे आपल्याकडचं. हॅम असलं तर माणसाला निरोप दिला म्हणतात, नसलं तर नुसतं पुरलं.)

आता त्या बोटाचं लिहायला हवं. अकरा वर्षं झाली, पण रंगाची गोष्ट तिथूनच सुरू होते, माझा नाइलाज आहे. तुमच्या आईला पोचवून सगळे आमच्याकडे चहाला आले होते. मी किटली घेऊन दारात उभा होतो, म्हणून मी पाहिलं. बेरिल सँडविचचं ताट घेऊन माझ्या मागे होती, म्हणून तिनेही पाहिलं. तुम्ही शेगडीपाशी उभ्या होतात. तुम्ही उजव्या हाताचं पहिलं बोट भिंतीवरून वीतभर फिरवलंत, मग ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिलंत, मग कागदी रुमालाला पुसलंत आणि तो रुमाल चौपदरी घडी करून बशीखाली ठेवलात. बोलला काहीच नाहीत. मेविसताई, तुम्ही बोलला असतात तर बरं झालं असतं. "बेरिल, भिंत किती घाण गं" एवढं म्हणाला असतात तर बेरिल फटकन काहीतरी बोलली असती, तुम्ही दोन शब्द जास्त बोलला असतात, नॉर्मनने आणि मी मागच्या अंगणात जाऊन सिगारेट ओढली असती आणि संध्याकाळपर्यंत सगळं निवलं असतं. पण ती चौपदरी घडी! तिला उत्तर काय द्यायचं माणसाने? तेव्हापासून दर शुक्रवारी बेरिलने ती भिंत गरम पाण्याने आणि पावडरने घासली. अकरा वर्षं. शेवटी भिंतीचा चकचकीतपणा गेला, मलईचा रंग गेला, खालची पांढरी पुट्टी दिसायला लागली, तरी ती घासतच होती. मी म्हणायचो, अगं, मेविस इथे येते कुठे बघायला? ती म्हणायची, तेच तर.

असो. रंगाच्या दुकानात गेलो. मेविसताई, पूर्वी रंग दोन होते, पांढरा आणि दुसरा. आता त्या दुकानात भिंतभर डबे. काउंटरमागच्या बाईंनी मला समजावलं की चकचकीत रंग पुसता येतो, पण त्यावर प्रत्येक उंचवटा आणि तेलाचा प्रत्येक थेंब उजेडात चमकतो. मॅट रंग सगळं पोटात घेतो, पण त्याला ओलं फडकं लावलं की नेमकी तेवढीच जागा चमकायला लागते. म्हणजे एकाला लपवता येत नाही आणि दुसऱ्याला पुसलेलं चालत नाही. (आपल्या दोन्ही घराण्यांचं वर्णन याहून नेमकं कोणी केलेलं नाही.) म्हणून आता तिसरा निघालाय, पुसता येणारा मॅट. किंमत जवळजवळ दुप्पट. मी मनात म्हटलं, मॅट म्हणजे मॅट, दुकानदार लोकांचे हे चोचले, आणि साधाच मॅट घेऊन आलो. डबा सारखाच दिसत होता, वर नाव सारखंच होतं, बेरिलला सांगितलं पुसता येणारा आहे.

दोन दिवस खपून चारी भिंती रंगवल्या. डावा खांदा कामातून गेला. बेरिल दारातल्या खुर्चीत ब्लँकेट घेऊन बसायची आणि "कोपरा राहिला", "वरचा राहिला", "हा काय ब्रश आहे की झाडू" असं सांगायची. तिसऱ्या दिवशी तिने ओलं फडकं मागितलं. उठली (उठायला तिला आता दोन हात लागतात, एक माझा), शेगडीमागे गेली आणि एक जागा पुसली. फक्त एक. फडकं बाजूला घेतलं तर तिथे बशीएवढा चमकणारा डाग. ती त्या डागाकडे बघत राहिली, मग फडक्याची चौपदरी घडी केली आणि माझ्या हातात दिली. बोलली काहीच नाही. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हे तुमच्या घराण्यातच आहे. मी तसाच कोट चढवला आणि दुप्पट पैसे घेऊन दुकानात गेलो.

या खेपेला तिने सांगितलं की रंग मी निवडणार, तू नाही. मग नमुन्याच्या छोट्या डब्या आणल्या, नऊ. त्यांची नावं कोण ठेवतं देव जाणे. एकीचं नाव "ओली मेंढी", एक "बिशपची बाही", एक नुसतीच "खंत". शेगडीमागे नऊ चौकोन काढले आणि बेरिलने त्यांची परीक्षा सुरू केली. प्रत्येकावर चहा, प्रत्येकावर ग्रेव्ही, प्रत्येकावर बीटच्या लोणच्याचं पाणी. रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी पुसायचं. (तिला स्वतःला आता अर्धी वाटी सूप जात नाही, पण भिंतीला तिन्ही वेळचं जेवण होतं.) घरात येईल त्याला मत द्यावं लागे. शेजारच्या मिसेस हार्ग्रीव्ह्ज मटणाचं भांडं घेऊन आल्या, त्यांना "खंत" आवडला. रोज येणारी नर्स ब्रिजेट म्हणाली, "ओली मेंढी", तिच्या आईकडे तसाच आहे. पाद्रीबाबा आले ते (स्तोत्रं कोणती म्हणायची ते विचारायला), त्यांना बेरिलने खुर्चीवर बसूच दिलं नाही. ते बिचारे हात जोडून म्हणाले की सगळेच रंग आपापल्या परीने सुंदर आहेत. बेरिल म्हणाली, "बाबा, प्रवचन रविवारी. ग्रेव्ही कुठल्यावरून निघाली ते सांगा." ते वाकून बघायला गेले आणि त्यांच्या पांढऱ्या कॉलरला बीट लागलं. ते काही निघालं नाही. त्या कॉलरला पुसता येणारा मॅट नव्हता.

आठवडा गेला तरी तिचं ठरेना. नऊ चौकोनांपैकी सहा पुसले जात होते, तीन नव्हते. उरलेल्या सहांत तिला एकही रंग पसंत नव्हता. एक फार थंड, एक फार पिवळा, एक "दवाखान्यासारखा, तो मी खूप पाहिला". मला राग यायला लागला होता, मेविसताई, खोटं कशाला बोलू. दिवस किती उरलेत आणि ही रंग काय बघत बसलीय! (एकदा बोललोही तसं. "बेरिल, तू जाणार आहेस आणि तुला भिंतीचं पडलंय?" ती म्हणाली, "मी जाणारच आहे. भिंत राहणार आहे. तुला तिच्यासमोर अंडं उकडायचंय." मी मागच्या अंगणात गेलो आणि बराच वेळ तिथेच उभा राहिलो. सिगारेट सोडून दहा वर्षं झालीत, नाहीतर ओढली असती.)

मग गेल्या मंगळवारी मिस्टर पिंडर आले. सभ्य गृहस्थ, काळा सूट, आवाज असा की शेजारच्या खोलीत कोणी झोपलंय. लाकडाच्या कामातले आहेत. (शवपेट्यांच्या.) बेरिलने त्यांना स्वतःच बोलावलं होतं, कारण माझ्या हाती दिलं तर मी सगळ्यात स्वस्त घेईन, नाहीतर सगळ्यात महाग, मधलं मला जमत नाही असं तिचं म्हणणं. (लाकूड तिने पाच मिनिटांत ठरवलं. आतल्या अस्तराला मात्र त्यांनी कापडाच्या तुकड्यांचं एक पुस्तकच काढलं, अठरा छटा. तिने त्यातला एक फाडून घेतला आणि "हा बरा" म्हणून टेबलावर ठेवला.) टेबलावर रंगांची कार्डंही पसरलेली होती. बेरिल पडायला गेली आणि जाता जाता म्हणाली, "क्लिफर्ड, तो टेबलावरचा बरा आहे, तेवढं बघ." माझा वाचायचा चष्मा वर राहिला होता. मी टेबलावरून जो तुकडा सुटा दिसला तो उचलला, दुकानात नेला, बाईंच्या हातात ठेवला आणि म्हटलं, हुबेहूब असाच, पुसता येणाऱ्या मॅटमध्ये, अडीच लिटरचे दोन. त्यांच्याकडे एक यंत्र आहे, काहीही दाखवा, तो रंग बनवून देतं. बाई तुकडा बोटांत चोळून म्हणाल्या, "किती मऊ आहे हो! पडद्याचं कापड का?" मी म्हटलं, असेल.

बुधवार आणि गुरुवार मिळून दोन हात दिले, शुक्रवारी शेगडीमागे तिसरा. मेविसताई, स्वतःची स्तुती करू नये, पण नॉर्मनने पाहिलं असतं तर माझ्या पाठीवर थाप मारली असती. एक रेघ नाही, एक ओघळ नाही. गरम दुधात थोडा चहा पडावा तसा रंग. शुक्रवारी दुपारी बेरिल खाली आली, खुर्चीत बसली आणि बघत राहिली. बराच वेळ. मग तिने टेबलावर काहीतरी शोधलं आणि विचारलं, "माझा अस्तराचा तुकडा कुठाय?"

मी खिशातून काढून दिला. तिने तो भिंतीला लावला. भिंत कुठे आणि कापड कुठे, कळत नव्हतं.

मला वाटलं आता घडी होणार. आणि ती हसायला लागली. ऑक्टोबरपासून पहिल्यांदा. (हसल्यावर तिला इतकं दुखतं की दोन्ही हातांनी पोट धरावं लागतं. तरी थांबेना.) मी डोकं धरून बसलो होतो आणि म्हणत होतो की आत्ता जातो, आत्ता पुन्हा रंगवतो, हिरवा देतो, लाल देतो. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "बस खाली, गाढवा. राहू दे हाच. म्हणजे मला घर सोडल्यासारखं वाटायचं नाही." हे मी कंसात लिहायला हवं होतं, पण राहिलं. खोडत नाही.

तेव्हा आता मूळ प्रश्न. रंग झाल्यावर मी डबा टाकायला नेला आणि टाकण्याआधी एकदा वाचला. (आयुष्यात पहिल्यांदा. चष्मा घालून.) त्यावर बारीक अक्षरांत लिहिलंय, रंग दिल्यापासून चार आठवडे भिंत धुऊ अथवा पुसू नये, तोवर तो पुरता पक्का होत नाही. आज तिसरा दिवस. नॉर्मनला या बाबतीत काही युक्ती ठाऊक होती का? हीटर लावून ठेवला तर? केस वाळवायचं यंत्र? खिडक्या उघड्या ठेवाव्या की बंद? चाराचे दोन आठवडे करता येतात का, एवढंच कळवावं. (ब्रिजेट म्हणते, दोन.) तुम्ही स्वतः येण्याची तसदी मुळीच घेऊ नये, पत्राने कळवलं तरी पुरे. गुडघ्याला जपावं.

आपला नम्र,
क्लिफर्ड

ता. क. कंस संपले, मेविसताई. आता वचन मोडतो. तिला ती भिंत कधीच पुसता येणार नाही. चहा-ग्रेव्हीच्या सगळ्या परीक्षा घेऊन तिने पुसता येणारा रंग निवडला आणि तो पुसायला ती असणार नाही. मला ते सहन होत नाही. हे मला कोणाला तरी सांगायचं होतं, आणि तुमच्याशिवाय ज्याला हे कळेल असं कोणी मला आठवलं नाही. दर नाताळला तुमचं कार्ड येतं, आत नुसतं "मेविस". बाकीची कार्डं ती दोरीवर लावते आणि जानेवारीत फेकते. तुमचं घड्याळामागे ठेवते. तिथे आता अकरा झालीत, घड्याळ पुढे झुकलंय, मी सरळ करायला गेलो की ओरडते.

आणखी एक ता. क. तुम्ही या. माफी मागू नका, तिला ते चालायचं नाही, आणि फुलं आणू नका, तिला उग्र वासाने उलटी होते. फक्त स्वयंपाकघरात या, शेगडीपाशी उभ्या राहा, भिंतीवरून बोट फिरवा आणि ते डोळ्यांजवळ नेऊन बघा. मग तिला दाखवा. मी डबा तीनदा वाचलाय. चार आठवडे पुसायला मनाई आहे, बोट फिरवायला नाही. बोलायचं असेल तर बोला, नसेल तर तुमची मर्जी. त्यानंतर किटली मी ठेवीन.

शेवटचं ता. क. तिकिटं बेरिलच्या खणात असतात हे मी विसरलो. तिकीट मागायला गेलो आणि तिने पत्र मागितलं. सगळं वाचलं. पहिली तक्रार ही की, "एवढे कंस कशाला घातलेस? आमच्या मेविसला बारीक वाचता येत नाही." दुसरी, की पुट्टी दिसायला लागली होती हे तुम्हाला कळवायची काही गरज नव्हती. मग तिने सांगितलेलं जसंच्या तसं लिहितो: बुधवारी पाद्रीबाबा येणार आहेत, तेव्हा गुरुवारी ये म्हणावं, सकाळच्या गाडीने. हॅमला अजून कोणाला सांगितलेलं नाही, ते मेविससारखं पातळ कोणाला कापता येत नाही. आणि हात धुऊन ये म्हणावं तिला. भिंत अजून कच्ची आहे.